दवाखान्याची वही

आईच्या लोखंडी ट्रंकेत एक दोनशे पानी वही आहे. पुढून उघडली की माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातला आहेर लागतो. कुणी भांडं, कुणी एकवीस रुपये, कुणी एक्कावन्न. तीच वही उलटी करून मागून उघडली की माझ्या अक्षरात लिहिलेलं दिसतं, ‘अण्णांचा दवाखाना, सन २००३’. आहेर जसा लिहून ठेवायचा तसाच दवाखानाही लिहून ठेवायचा, म्हणजे फेडताना कुणाचं नाव राहत नाही, असं आईचं म्हणणं.

त्या सालचा दुष्काळ सांगोला, जत, आटपाडी भागातली माणसं अजून विसरली नाहीत. ओळीनं पाऊस चुकलेला. जनावरं छावणीत. अण्णा रात्रंदिवस बैलांपाशी छावणीतच असायचे. एके दिवशी उसाच्या वाड्याची पेंढी उचलली आणि छातीत कळ आली. गावातल्या डॉक्टरनं पित्त म्हणून पंधरा दिवस गोळ्या दिल्या. सोळाव्या दिवशी अण्णा घामानं भिजून छावणीतच बसकण मारून बसले, तेव्हा आम्ही मिरज गाठली. आमच्याकडं मोठं दुखणं म्हणजे मिरज. पूर्वी माणसं पेशंटला घोंगड्यात गुंडाळून बारक्या रेल्वेनं न्यायची, आम्ही जीप केली. जीपचे नऊशे रुपये ही वहीतली पहिली नोंद.

तीन शिरा बंद. बायपास करावी लागणार, सगळं मिळून सव्वा लाखाच्या आसपास जाईल, निम्मे आधी भरा. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते. पण सव्वा लाख हा आकडा आमच्या घरात तोवर कुणी मोठ्यानं उच्चारलाच नव्हता.

बाहेर लिंबाखाली बसल्यावर अण्णांनी मला विचारलं, “आपल्याकडं एकर कितीला जातंय रं सध्या?”

मी गप्प बसलो.

“मी अजून धा वर्सं जगलो असं धर. सव्वा लाखाला धा वर्सं, म्हंजी वर्साला साडेबारा हजार. तेवढं मी कमवत न्हाय. चल घरी.”

चौथी शिकलेला माणूस. हिशोबात तसूभर चूक नव्हती. नेमकं त्यामुळंच मला उत्तर सुचेना. आई तेवढी म्हणाली, “तुमी कमवता म्हणून ठेवलंय व्हय तुमास्नी?” आणि पदर सावरून उठली.

सरकारची जीवनदायी योजना तेव्हाही होती, पण ती पिवळ्या कार्डवाल्यांसाठी. आमचं कार्ड केशरी. घरात एक शिक्षणसेवक, म्हणजे मी, आणि तीन एकर जिराईत, त्यामुळं कागदावर आम्ही गरीब नव्हतो. वहीची पुढची पानं बघितली तर कळेल आम्ही कोण होतो.

बैलजोडी, नऊ हजार. खिल्लारी जोडी, एरवी अठराला सहज गेली असती. पण दुष्काळात बाजारात सगळे विकणारेच, घेणार कोण? आईची बोरमाळ आणि पुतळ्या पतसंस्थेत ठेवून पंधरा हजार. मामा दहा. बहिणीचा नवरा पाच. माझ्या केंद्रातल्या शिक्षकांनी जमवलेले सहा हजार दोनशे. गल्लीतल्या माणसांचे दहा-दहा, वीस-वीस मिळून तेराशे चाळीस. त्यातले वीस रुपये अशा म्हातारीचे, जिच्या घरी चूल पेटली की नाही हे आई रोज डोकावून बघायची. आणि सावकाराचे चाळीस हजार, शेकडा पाच, एक एकर मुदत खरेदीनं लिहून देऊन. शेकडा पाच म्हणजे महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. माझं मानधन त्याहून फार जास्त नव्हतं.

तरी कमी पडत होते. तेव्हा माझा चुलता, नाना, मिरजेला आला आणि टॉवेलाची गाठ सोडून पंचवीस हजार माझ्या हातात ठेवले.

“नाना, कुठनं आणलंस?”

“आणलं कुठनं तरी. मोज आणि भर.”

मोजले आणि भरले. वहीत लिहिलं, ‘नाना, २५,०००’.

ऑपरेशन झालं. दसरा झाला आणि एका पहाटे गावात ट्रक आला. नाना आणि चुलती भांडीकुंडी, कुडाच्या चटया, पिठाचा डबा ट्रकात चढवत होते. तेव्हा मला कळलं. नानानं मुकादमाकडून उचल घेतली होती. तो जन्मात कधी ऊस तोडायला गेला नव्हता. चुलतीच्या कडेला दोन वर्षांचा पोरगा, आणि त्याला सांभाळायला सोबत सुमी. सातवीत होती. वाचनात वर्गात पहिली.

मी शेजारच्या गावात मास्तर. त्याच महिन्यात आम्ही घरोघर फिरून शाळाबाह्य मुलांच्या याद्या करत होतो. मी सुमीला म्हणालो, “आल्यावर परीक्षेला बसवू.” ती म्हणाली, “बरं दादा.” ट्रक गेला. थांबवायचं म्हटलं तर पंचवीस हजार परत द्यायला हवे होते आणि ते अण्णांच्या छातीत गेले होते.

ती आली एप्रिलात. हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही, बाकी अंगावर आली, म्हणून पुढच्या वर्षी परत गेली. मग शाळेचा विषयच संपला. सोळाव्या वर्षी तिचं लग्न लागलं. लग्नात मी अक्षता टाकल्या, मुलीचं वय मला माहीत असून.

अण्णा दहा नाही, चौदा वर्षं जगले. “हिशोब चुकला माझा,” असं नातवंडांना सांगायचे. मी कायम झाल्यावर शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज काढून एकर सोडवली, नानाचे पंचवीस परत केले. वहीत एकेका नावापुढं बरोबरची खूण झाली. सुमीचं नाव वहीत नव्हतंच, त्यामुळं खूण करायचा प्रश्नही आला नाही.

२०१९ साली सुमीचा फोन आला. “दादा, ह्यांच्या छातीत दुखतंय. मिरजेला आणलंय.” मी पन्नास हजार काढले आणि निघालो. दोन शिरा बंद होत्या, पण या वेळी काउंटरवर आकडा कुणी सांगितला नाही. केशरी कार्डाला आता महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होती, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. रेशनकार्डावर ‘दत्तू’ आणि आधारवर ‘दत्तात्रय’, त्यात एक दिवस गेला. आरोग्यमित्राच्या टेबलापुढं मी मास्तर म्हणून मोठ्यानं बोलत होतो आणि सुमी शांतपणे झेरॉक्स काढून आणत होती. स्टेंट बसले. बिल शून्य.

शून्य म्हणजे दवाखान्याचं. आधी गावाकडं केलेल्या तपासण्या, वडाप, डबे, दोघांची बुडालेली मजुरी, असं धरून नऊ हजार गेले होते. तिनं दोन शेळ्या विकल्या होत्या. “भागलं दादा,” म्हणाली.

मी पाकीट पुढं केलं.

“वहीत लिवणार हायेस का?”

“नाही.”

“तरी नगं.” थोड्या वेळानं म्हणाली, “द्यायचंच आसंल तर हे वाचून दे. मराठीत आस्तं तर मीच वाचलं आस्तं.”

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली रात्री, कुठली वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही, पुन्हा कधी दाखवायला यायचं. तिनं कागद हातात घेतला आणि बोट न ठेवता, न अडखळता वाचून काढला. एका ठिकाणी थांबली. घाईत माझी एक वेलांटी राहिली होती.

ती तिनं माझ्याकडून पेन घेऊन दिली आणि कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं.