फळीवरची जागा

मे महिना लागला की नागपूरची माणसं पचमढीला, चिखलदऱ्याला, नाहीतर पुण्या-मुंबईच्या लेकरांकडे जातात आणि त्यांचे कुत्रे माझ्याकडे राहायला येतात. लॅब्राडोर येतात, बीगल येतात, रस्त्यावरून उचलून घरी वाढवलेले गावठीही येतात. माझ्या मांजरी मात्र बारा महिने घरातच. सोडायला आलेली माणसं दारातच विचारतात, "काकू, दोघांचं जमतं कसं?" मी त्यांना आत नेऊन भिंतीवरच्या फळ्या दाखवते.

महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी, स्वयंपाकघरात थेट छताखाली, सागाची एक फळी होती. घर माणसांनी गच्च भरलेलं, डब्यांवर डबे चढवलेले, दूध-दही शिंक्यात टांगलेलं. ही फळी तेवढी आजी रिकामी ठेवायची. ती मांजरीची. अंगणात आमचा कुत्रा मोती असे. एरवी तो उंबरा ओलांडत नसे, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली की त्याचा धीर सुटे. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि तिच्यापुढचे ढोल-ताशे माणसांनाही छातीत जाणवतात, मग कुत्र्याचं काय होत असेल! मोती शेपूट पोटाशी घेऊन चुलीमागे शिरायचा. मांजर वरून त्याच्याकडे बघत राहायची. आता हिनं झेप घेतली तर, या भीतीनं मी आजीचा पदर धरायची. आजी म्हणायची, "काही नाही करत ते. वरून सारं दिसते तिले, मंग कायले भिईन?"

आजीच्या या बोलण्याचा पुरता अर्थ मला कुत्रे सांभाळायला लागल्यावर कळला. मांजर शिकारी खरी, पण अंगानं एवढीशी, त्यामुळे मोठ्या जनावरांची शिकारही तीच. तिला आधी पाहायचं असतं आणि निसटायची वाट हाताशी हवी असते. कुत्रा लांडग्याच्या वंशातला. जे पळतं त्याच्यामागे धावणं त्याच्या अंगातच आहे. त्यात दुष्टपणा नाही. मांजर जमिनीवरून पळाली की खेळकर कुत्र्याचाही क्षणात पाठलाग सुरू होतो. वर चढायला जागा असली की ती पळत नाही, चढते आणि वळून बसते. भांडण तिथेच संपतं.

लग्नानंतर सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीत खिळा ठोकायची सोय नव्हती. तिथे लोखंडी कपाटाचा माथा हीच मांजरीची फळी.

स्वतःचं घर झालं तेव्हा मी सुताराला आधी फळ्या लावायला बसवलं. एकच लांब फळी चालत नाही. तिच्या टोकाला मांजर अडकते, समोरून दुसरी आली तर दोघींना वाट उरत नाही. म्हणून माझ्या फळ्या तीन भिंतींवरून फिरतात आणि उतरायच्या वाटा दोन आहेत: एक खिडकीकडून, दुसरी आतल्या खोलीच्या जाळीच्या दारावरून. त्या खोलीत मांजरींचं खाणं, पाणी आणि लिटरचा ट्रे. कुत्रे ट्रेमधलं आवडीनं खातात, हे पाहुण्यांच्या घरच्यांना सांगताना अवघड वाटतं, पण सांगते. मांजरींचं खाणंही त्यांच्या तोंडी लागू देत नाही. ते त्यांना जड पडतं, दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं. उलट मांजरीला कुत्र्याच्या खाण्यावर ठेवता येत नाही. तिला टॉरिन अन्नातूनच मिळावं लागतं.

कुत्रा यायच्या आधी त्याच्या अंथरुणाचा तुकडा मागवून मी जाळीपाशी टाकते. वासाची ओळख आधी, तोंडओळख नंतर. आल्यावर सुरुवातीला तो पट्ट्यातच असतो. शेपट्यांकडे माझं बारीक लक्ष असतं. हलणारी शेपूट कुत्र्याच्या बाबतीत बहुधा मैत्रीची, मांजरीच्या बाबतीत रागाची. एकमेकांचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून मधे मी हवी.

हे सगळं हिवाळ्यात छान चालतं. मे महिन्यात नागपूर फळीचा आधारच काढून घेतं. पारा पंचेचाळिशीला टेकला की स्लॅब दुपारभर तापते आणि छताखालची हवा भट्टीसारखी होते. मांजरी आपणहून खाली उतरतात आणि कूलरपुढच्या ओल्या वाऱ्यात, थंड फरशीवर अंग ताणून देतात. नेमकी तीच जागा जिभा बाहेर काढून धापा टाकणाऱ्या पाहुण्यांनाही हवी असते. आणि पाहुणे सर्वांत जास्त याच महिन्यात! म्हणून उन्हाळ्यात मी घराची वेळ वाटून देते. दुपारी मांजरी जाळीमागे त्यांच्या कूलरपाशी, कुत्रे बैठकीत. संध्याकाळी कुत्र्यांना फिरवायला नेलं की मांजरींना सगळं घर मोकळं. एका वेळी दोनच कुत्रे घेते. आलेल्या घराला नाही म्हणताना जीव तुटतो, तरी म्हणते. ताण मांजरीच्या लघवीवर जातो, आणि बोक्याची लघवी अडली तर दिवसभरही थांबता येत नाही.

एका बाबतीत मी फार कडक आहे. उन्हाळ्या-पावसाळ्यात गोचिडांचा उपद्रव असतो म्हणून लोक कुत्र्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकून आणतात. त्यात पर्मेथ्रिन असेल तर त्या कुत्र्याला अंग घासणारी, त्याच्या अंथरुणात झोपणारी मांजर थरथरू लागते, तिला झटके येतात, ती मरूही शकते. कुत्र्याचं शरीर हे औषध पचवतं, मांजरीच्या यकृताला ते जमत नाही. लसीकरणाच्या कार्डाबरोबर मी थेंबांचं खोकंही मागते आणि आतलं नाव स्वतः वाचते.

माझी मनी आता म्हातारी झाली आहे. मागच्या पायांत संधिवात आहे, वरची फळी तिला एका उडीत गाठता येत नाही. ती खाली उभी राहून वर बघते, अंग तोलते आणि बसून घेते. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि उड्या कमी करायला सांगितलं. सुताराला परत बोलावलं आहे. वीतभर उंचीच्या पायऱ्या, वर घट्ट ताणलेलं तरट, म्हणजे नखं रुततील. दिवाळीसाठी एका तरुण जर्मन शेफर्डची विचारणा आली होती, त्यांना मी दुसरीकडे बघायला सांगितलं. नेहमीची म्हातारी लॅब्राडोर मात्र येणार आहे. पहिली पायरी बरोबर तिच्या नाकापाशी येते, म्हणून ती जाळीच्या दाराच्या आतून सुरू करायची, असं ठरलं आहे.