एका दिवसाचे माथेरान

जे दाराशी असते त्याचे मनुष्यास अप्रूप वाटत नाही. दादरच्या आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पण घरातील मुलांच्या तोंडी सदैव डोंगराचा घोष. सन २०२५ च्या दिवाळीनंतर हा घोष इतका वाढला की, एक दिवस माथेरानी काढावा असे सर्वानुमते ठरले. अट एवढीच की सकाळी निघून रात्री घरीच पाठ टेकावयाची. अकरा माणसांचे आमचे कुटुंब. कोणाची कचेरी, कोणाची परीक्षा, कोणाचा उपास. दोन दिवस सर्वांस एकदम मोकळे मिळणे दुर्घट.

आखणीचे काम रीतीप्रमाणे आमच्याकडे आले. ज्याने उभी हयात शाळेचे वेळापत्रक आखण्यात घालविली, त्याला एका दिवसाचे वेळापत्रक ते काय अवघड, असे सर्वांस वाटले. आम्ही मात्र लेखणी हाती घेऊन बराच वेळ स्वस्थ बसलो. कारण यापूर्वीही एकदा, सन २००९ मध्ये, आम्हीच अशी आखणी केली होती. आणि ती आठवली म्हणजे आजही मान खाली जाते.

त्या वेळी आम्ही पन्नाशीच्या आत होतो, पायांत बळ होते, आणि कागदावर आठ ठिकाणे लिहून काढली होती. दस्तुरीच्या नाक्यापर्यंत मोटारीने गेलो. तेथून पुढे मोटारीस मज्जाव. मग पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढावयाच्या रिक्षेतून जावयाचे. आमच्या ज्येष्ठ वहिनींचा गुडघा तेव्हाच दुखू लागला होता. अर्ध्या वाटेवर तो धरला. घोड्याची त्यांना भीती. आम्ही रिक्षा बोलाविली. एकजण पुढून ओढणारा, दोघे मागून लोटणारे, अंगावर घाम निथळत असलेला. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, धापा टाकणाऱ्या माणसांच्या बळावर मला डोंगर बघावयाचा नाही. तुम्ही मुलांना घेऊन जा. मी बसते येथे."

आणि आम्ही गेलो! त्यांना एका पुतण्याच्या सोबतीने झाडाखालच्या दगडावर बसवून आम्ही गेलो, कारण आमच्या कागदावर अद्याप सहा ठिकाणे शिल्लक होती. शेवटी पॉर्क्युपाइन पॉइंटावरचा सूर्यास्त पाहून काळोखात धडपडत परतलो तो साडेसात वाजले होते. खाली उतरण्यास वाहन मिळेना. घरी पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. वहिनींनी एक शब्द टाकून बोलावे तर तेही नाही. एवढेच विचारले, "मुलांना सूर्यास्त नीट दिसला ना?"

आता यंदाच्या आखणीविषयी. प्रथम स्थळाची थोडी माहिती देतो. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरील हे जांभ्या दगडाचे पठार सन १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या दृष्टीस पडले आणि पुढे ते हवा खाण्याचे ठिकाण झाले. नेरळपासून वर जाणारी छोटी आगगाडी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने सन १९०४ ते १९०७ या काळात बांधण्यात आली. दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे वीस किलोमीटर. सन २००५ च्या महापुरात हा मार्ग वाहून गेला होता. तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. सन २००३ मध्ये केंद्र सरकारने हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला. बेचाळीसच्या चळवळीतील हुतात्मा भाई कोतवाल यांचा जन्मही याच गावचा, सन १९१२ चा. मुलांस हे घरीच सांगून ठेवावे; वर गेल्यावर त्यांचे लक्ष माकडांकडे असते.

आखणीत या खेपेस आम्ही तीन नियम पाळले. पहिला नियम असा की, ज्याची चाल सर्वांत मंद त्याच्या चालीने दिवस मोजावयाचा. वहिनींचे वय आता अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली असल्याने सपाटीवर त्या सावकाश चालतात. निघण्यापूर्वी पंधरा दिवस आम्ही त्यांना रोज सायंकाळी शिवाजी पार्कावर नेले. तेथील कट्ट्याभोवतीची एक फेरी किलोमीटरहून थोडी अधिक भरते. मध्ये दोनदा बसून वहिनींस तिला पाऊण तास लागला. हाच आमचा गज. वर बाजारपेठेपासून शार्लोट तलावापर्यंतचे अंतर या गजाने मोजले, तेव्हा जाण्यास दीड तास आणि येण्यास तितकाच वेळ धरावा लागला. आठ ठिकाणांची दोन ठिकाणे झाली, ती अशी.

दुसरा नियम असा की, वेळ उलटी मोजावयाची. लोक घरून कधी निघावयाचे ते आधी ठरवितात. आम्ही घरी कधी परतावयाचे ते आधी ठरविले. रात्री नवाच्या आत घर गाठावयाचे, तर नेरळहून पावणेसातच्या सुमारास लोकल धरली पाहिजे. त्यासाठी पावणेसहाला दस्तुरी सोडली पाहिजे. त्यासाठी पाचच्या आत बाजारातून निघाले पाहिजे. डिसेंबराच्या आरंभी सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. म्हणजे सूर्यास्त बाद! हे ऐकताच बालगोपाळांनी एकच गिल्ला केला. आम्ही त्यांना म्हटले, "सूर्यास्त तर दादरच्या चौपाटीवर रोज फुकट दिसतो. माथेरानचे रान मात्र तेथे दिसत नाही." कुरकुर थांबली नाही, पण ठराव संमत झाला.

तिसरा नियम असा की, शनिवार, रविवार आणि सुटीचा दिवस टाळावयाचा. गर्दीत म्हाताऱ्या माणसास ना बसावयास जागा, ना वाहन. प्रत्येकाने एकेक रजा खर्च केली आणि आठवड्याच्या मधला दिवस धरला.

खालपासून वरपर्यंत छोट्या गाडीने जावे ही मुलांची इच्छा. परंतु तीस अडीच तासांच्या आसपास लागतात आणि जागाही मोजक्या. एका दिवसाच्या प्रवासात ते परवडत नाही. तेव्हा मधला मार्ग काढला. नेरळहून दस्तुरीपर्यंत मोटार, आणि परतताना माथेरान ते अमन लॉज एवढाच प्रवास छोट्या गाडीने. अमन लॉज दस्तुरीच्या जवळच आहे. मुलांची हौस भागते आणि वेळही मोडत नाही. घाटातली गाडी पावसाळ्यात बंद असते. हा वरचा छोटा फेरा तेव्हाही चालू ठेवतात.

राहिला प्रश्न वहिनींना दस्तुरीहून बाजारापर्यंत नेण्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये येथे विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ही वार्ता आम्ही वहिनींस वाचून दाखविली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि ते ओढणारे? त्यांच्या पोटाचे काय?" त्याच रिक्षा त्यांना चालवावयास मिळाव्या, असे न्यायालयाचे म्हणणे आहे, हे आम्ही सांगितले, तेव्हा कोठे त्या यावयास कबूल झाल्या.

प्रत्यक्ष दिवस ठरल्याबरहुकूम गेला. पहाटे सव्वासहाच्या कर्जत लोकलने निघून आठाच्या सुमारास नेरळ, नऊच्या आत दस्तुरी. तेथे नगरपरिषदेचा प्रवेशकर भरला आणि वहिनी विजेच्या रिक्षेत बसल्या. बाजारात चहा घेऊन सर्व मंडळी तलावाकडे निघाली. दर दोनशे पावलांना थांबावयाचे असे ठरले होते. आम्हांस भीती होती की मुले कंटाळतील. पण थांबल्यामुळेच त्यांना वारूळ दिसले, जांभळीच्या मुळ्यांनी दगडास घातलेला विळखा दिसला, कोठे तरी चाललेले सुतारपक्ष्याचे ठोके ऐकू आले. सन २००९ मध्ये याच वाटेने आम्ही गेलो असू. त्यांपैकी एकही गोष्ट आम्हांस आठवत नाही.

तलावाच्या काठी पिसरनाथाचे देऊळ आहे. वहिनींनी दर्शन घेतले आणि पाण्याकडे तोंड करून बसल्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाकूनच खावी लागली, कारण माकडांची टेहळणी चालू होती. तरी एक दशमी गेलीच. दुपारी परतताना बाजाराजवळच्या खंडाळा पॉइंटावरून खालची दरी पाहिली. साडेचारला चहा, पाचच्या आत छोटी गाडी, आणि पावणेनवाला आम्ही दारात उभे होतो. सर्वांची धोतरे, पायजमे, परकर तांबड्या धुळीने माखलेले. परंतु कोणाची मुद्रा त्रासिक नव्हती.

ज्या वाचकांस असा बेत करावयाचा असेल त्यांनी पाऊस उलटून गेल्यावर जावे, गोट्यांच्या वाटेवर न घसरणारी पादत्राणे घालावी, पाणी भरपूर न्यावे, आणि वेळापत्रक आखण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाबरोबर आठ दिवस फिरावयास जावे. आमच्या तिन्ही नियमांत हाच महत्त्वाचा. तो आम्ही सोळा वर्षे उशिरा शिकलो.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता वहिनी काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मुलांना हाक मारून म्हणाल्या, "चला रे चौपाटीवर. कालचा सूर्यास्त राहिला आहे ना तुमचा?"