रोजकीर्द

आमच्या वडवणीच्या घराचे माळवद या उन्हाळ्यात उतरविले. तुळयांना वाळवी लागली होती, आणि शहरात वाढलेल्या मुलांना त्या मातीच्या छताखाली निजण्याची भीती वाटू लागली होती. तेव्हा मी विरोध केला नाही. माजघराच्या भिंतीतले बळद फोडताना गवंड्याच्या हाती एक गाठोडे लागले. त्यात खारव्याच्या तांबड्या कापडात बांधलेल्या अकरा वह्या होत्या. गाठ सोडताच वाळलेल्या कडुलिंबाचा, जुन्या शाईचा आणि कोंदट ज्वारीचा मिश्र वास आला, आणि पहिली वही उघडली तेव्हा तिच्या शिवणीतून चिमूटभर काळी वाळू माझ्या तळहातावर सांडली. ओली शाई टिपावी म्हणून बाई पानावर ही वाळू भुरभुरवीत असे. आईला आम्ही बाई म्हणत असू.

तिच्या वह्या असे मी आज म्हणतो. गावात त्यांना ‘अण्णांच्या वह्या’ म्हणत, आणि पुठ्ठ्यावर नावही वडिलांचेच आहे. अण्णांची लहानशी आडत होती. बाजाराच्या दिवशी ज्वारी, करडई, कापूस यांच्या वजनांच्या आणि हमाली-तोलाईच्या चिठ्ठ्या ते बंडीच्या खिशात कोंबून आणीत व रात्री बाईच्या पुढ्यात ओतीत. मग चूल सारवून, आम्हा भावंडांना निजवून, उद्याचे दळण काढून ठेवून, कंदिलाची काच पुसून ती जी रोजकीर्द घेऊन बसे, ती जमेची आणि नावेची बाजू जुळून शिल्लक पेटीतल्या पैशांशी तंतोतंत मिळाल्याखेरीज उठत नसे. आणि चार आण्यांचा फरक राहिला तर ती पुन्हा पहिल्या चिठ्ठीपासून आरंभ करी. महिनाअखेरीस खतावणी आणि तिच्यावरून तेरीज.

१९७२ च्या दुष्काळाने घर खचले, आणि दोन वर्षांनी चुलत्यांनी वाटणी मागितली. ओसरीवर पंच बसले, वह्या मधोमध ठेवल्या गेल्या, आणि आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी ‘बायामाणसांनी आत बसावं’ असे सांगून बाईला माजघरात पाठविले. त्यांना मी अद्याप क्षमा केलेली नाही. ते निवर्तले तेव्हा खांदा द्यायला गेलो, पण मनातली अढी जशीच्या तशी घेऊन परतलो. अण्णा वाचू लागले. विहिरीच्या खात्याशी आले आणि ‘एकशे चाळीस’ म्हणाले. दाराआडून बांगड्या वाजल्या. एकदाच. अण्णा थबकले, त्यांनी पान उजेडाकडे कलते केले आणि ‘नऊशे चाळीस’ असे वाचले. तिचा नऊ घाईत एकासारखा उमटे. पंचांनी मान डोलावली. दाराकडे मात्र कोणीही पाहिले नाही.

ती लिहायला शिकली ती शाळेत नव्हे, माहेरी वडिलांच्या दप्तरात, बोरूने, मोडीत. लग्न होऊन आली तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. व्यवहारात हाली शिक्का चाले, ब्रिटिश मुलखातला रुपया तो कलदार, आणि सात हालींना सहा कलदार असा साधारण दर. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचा अंमल संपला, त्यानंतरही काही वर्षे हाली रुपया राहिला, म्हणून पहिल्या दोन वह्यांत प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत, आणि आजूर, दै, बहमन या फसली महिन्यांशेजारी कार्तिक-मार्गशीर्षही नांदतात. पुढे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. मागोमाग शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. मोडी मागे पडून बाळबोध आली. राज्य, नाणे, माप आणि लिपी इतके सारे एका बाईच्या हाताखालून बदलत गेले, आणि त्या सबंध काळात तिची शिल्लक एकाही पानावर तुटलेली नाही.

लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणितग्रंथात दुहेरी जमाखर्चाची पद्धत प्रथम सविस्तर मांडली, आणि व्यापाऱ्याने वहीचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा असे सांगितले. बाईच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘श्री’ आहे. पाचोलीने घरखर्चाचे खाते कसे ठेवावे हेही लिहिले आहे; ते वाचताना मला मात्र दाराआडचा तो एकच किणकिणाट पुनःपुन्हा ऐकू येत होता, आणि व्हेनिसच्या त्या घरांतून आतल्या दालनात कोण बसले असेल याचा विचार सुटत नव्हता.

या वह्यांत बैलाचे खाते आहे, लोहाराचे आहे, अण्णांच्या तंबाखूचे आहे. बाईचे नाही. मी तेच शोधीत होतो. शोधता शोधता शेवटची वही हातातून निसटली आणि उलटी उघडली, तेव्हा मागच्या बाजूने वेगळाच हिशेब सुरू झालेला दिसला.

आमच्या भागातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या कोयत्यावर, आणि ती मुकादमाच्या वहीत पुरुषाच्या नावे. बायको बरोबरीने तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पण तिचे वेगळे नाव नाही, आणि आजारपणाने एक दिवस बुडला तर खाडा मात्र धरतात. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या की संध्याकाळी मागच्या दाराशी बायका येत. ‘काकू, आमचं किती फिटलं अन् किती राह्यलं, तेवढं बघून सांगा की.’ एकीने जुन्या लुगड्याच्या चिंधीला गाठी मारून आणल्या होत्या, भरलेल्या गाडीला एक गाठ. बाईने ती चिंधी गुडघ्यावर पसरून बोटाने गाठ-गाठ चाचपली, आणि मुकादमाच्या चिठ्ठीशी ताडून पाहताना तिच्या कपाळाला आठी पडली, हे मला स्वच्छ आठवते. ती हे कागदावर उतरवीत होती, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

खाती त्या बायकांच्या नावे आहेत. नावे म्हणजे माहेरचे गाव: ‘चिंचवणची, धाकटी’, ‘कुप्प्याची’, ‘उपळीची, दोन लेकरांची’. डावीकडे उचल, उजवीकडे गाड्या, समासात खाडे. काही खात्यांखाली ‘फिटले’ असे लिहून दोन रेघा ओढल्या आहेत. चिंचवणच्या धाकटीच्या खात्याखाली रेघा नाहीत. ‘मुकादमाकडून येणे’ असे आहे आणि पुढे रक्कम आहे, तिचा पहिला आकडा एक की नऊ, हे मला लागेना. ओसरीच्या उरलेल्या भिंतीशी जाऊन मी पान उजेडाकडे कलते केले आणि बराच वेळ थांबलो.