दादा, दार उघड

शिरूरहून दौंडला धाकट्या भावाकडे जाताना एस.टी.त नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचत होतो. रक्तपिपासूंच्या या कथेने ब्रॅम स्टोकरची १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ आठवली. तिच्यात मेलेली लूसी पिशाच्च होऊन आर्थरला गोड हाक मारते. ज्याच्याशी लग्न ठरले होते, त्यालाच तिच्या छातीत खुंटी ठोकावी लागते. मग तिचा चेहरा पूर्वीसारखा निर्मळ होतो. मीना तर छळणाऱ्या ड्रॅक्युलाचीही कीव करायला सांगते. तिथे माझे डोळे भरून येतात.

भाऊ दारूच्या नादी लागला होता, तेव्हा एका रात्री “दादा, दार उघड” म्हणत राहिला. मी कडी काढली नाही. आज त्याची दारू सुटली आहे. पण ती हाक कानातून जात नाही. बंधूंनो, दार दारूला बंद ठेवा, माणसाला नको.