ड्रोन, गुरू आणि आप्पांची डायरी

2024 च्या डिसेंबरातली गोष्ट. रात्री आठला आप्पांचा फोन. "अरे, ड्रोन परत आलाय बहुतेक. पूर्वेला, नारळाच्या वर. जागचा हलत नाही." मी मोशीच्या फ्लॅटवर प्रॉडक्शनचा घोळ निस्तरत बसलो होतो. "आप्पा, झोपा आता," म्हणून फोन ठेवला. वर टीममध्ये किस्सा रंगवून सांगितला, तो वेगळाच.

आमचं गाव चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यात. त्याच वर्षी पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी हवा होती. पोरं काठ्या घेऊन जागायची. एका रात्री आमच्याकडे सेकंड शिफ्ट सुटून चालत निघालेल्या परप्रांतीय पोराला धरलं. आप्पा मध्ये पडले म्हणून निभावलं.

आता थोडं लडाखला जाऊ. 2012 च्या ऑगस्टपासून 2013 च्या फेब्रुवारीपर्यंत पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांनी आकाशातल्या अशा दिव्यांच्या 329 नोंदी केल्या. संशय चिनी ड्रोनचा. डोंगरावर रडार नेलं, त्यात काही दिसेना. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला सिग्नल सापडेना. शेवटी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सच्या लोकांनी तपास केला. निघालं काय, तर शुक्र आणि गुरू! 2013 च्या जुलैत बातमी आली तेव्हा मी अकरावीत होतो. पोट धरून हसलो होतो.

तर त्या शनिवारी घरी गेलो. आप्पांनी दुधाच्या हिशेबाची डायरी पुढे केली. मागच्या पानांवर रोजची तारीख, वेळ, दिशा. नारळाच्या शेंड्यावर दिवा पहिल्या दिवशी आठला, दहा दिवसांनी सव्वासातला. म्हणजे रोज साधारण साडेचार मिनिटं आधी. च्यायला! तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, आणि गुरू तेव्हा वक्री, म्हणून अजून थोडा आधी. उत्तर त्या पानावरच होतं. ड्रोन काही असं पंचांग पाळत नाही.

अंगणात आलो. पूर्वेला रोहिणीजवळ गुरू, पश्चिमेला मावळतीकडे शुक्र. लडाखचीच जोडगोळी. आप्पांना दाखवलं. म्हटलं, "एवढं सगळं लिहून कशाला ठेवलंत?"

"ग्रुपवर टाकायच्या आधी खात्री नको? पोरांनी परत काठ्या काढल्या असत्या. म्हणून तुला विचारलं, तर तू झोपा म्हणालास."

मी गप्प. रोज बग रिपोर्टमध्ये वेळ नाही, स्टेप्स नाहीत म्हणून लोकांवर खेकसणारा मी. इथे भोसरीच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसाने दहा दिवसांचा लॉग ठेवला, आणि मी न वाचताच तिकीट बंद केलं. जवानांच्या 329 नोंदींवर हसलो तेही तसंच. ज्याला कळत नाही त्याने वेळ लिहून ठेवावी आणि जाणत्याला विचारावं, याहून शहाणपण ते काय असतं?

आप्पांनी डायरीत शेवटच्या नोंदीपुढे लिहिलं, 'गुरू'. मग ग्रुपवर मेसेज टाकला आणि दार लावून झोपायला गेले.

असो. हल्ली त्यांचा फोन आला की मी लॅपटॉप मिटून ऐकतो.