दाढेचे माहेरपण

माझी थोरली बहीण लेस्टरला असते, त्याला आता पस्तीस वर्षे झाली. पूर्वी ती पनवेलला यायची ती आईसाठी; आई गेल्यावर कोणाच्या तरी लग्नामुंजीसाठी. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "दिवाळीला येतेय." आम्हांला आनंद झाला. मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि हे बघ, कोणाला सांगू नकोस, पण एक दाढ बसवून घ्यायची आहे."

लोक सोने आणायला दुबईला जातात आणि चारचौघांत सांगतात. दाढेसाठी विलायतेहून पनवेलला येणे मात्र ताईला कमीपणाचे वाटत होते. तिकडच्या दंतवैद्याने एका इम्प्लांटचे २,५०० पौंड सांगितले होते. म्हणजे आपले अडीच लाखांच्या पुढेच! इथे तेच काम पस्तीस हजारांत होणार होते.

विलायतेत औषधपाणी फुकट, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९४८ साली ते खरोखरच फुकट झाले होते, दातांसकट. पण तीनच वर्षांत, १९५१ साली, सरकारने कवळ्यांवर आणि चष्म्यांवर पैसे आकारायचे ठरवले. ज्यांनी ती योजना उभी केली, ते अन्युरिन बेव्हन तेवढ्यावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मंत्रिपदासाठी दात विचकणारे पुष्कळ पाहिले. दातांसाठी मंत्रिपद सोडणारा विरळाच. आजही त्या सरकारी योजनेत इम्प्लांट सहसा बसत नाही.

तसा हा प्रवास काही ताईने शोधून काढलेला नाही. ऑस्ट्रियातले लोक दातांसाठी हंगेरीत जातात. अमेरिकेतले म्हातारे कॅलिफोर्नियाच्या कडेची हद्द पायी ओलांडून लॉस अल्गोदोनेस नावाच्या मेक्सिकन खेड्यात शिरतात. तिथे इतके दंतवैद्य आहेत, की त्या गावाला दाढांचे शहर असेच नाव पडले आहे. आमच्या पनवेलला अजून कोणी तसे म्हणत नाही. पण टपाल नाक्यावरून स्टेशनाकडे जाताना दातांच्या पाट्या मोजाव्यात आणि मग बोलावे.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला आणि एक अडचण सांगितली. टायटॅनियमचा स्क्रू आज बसेल, पण हाडाने त्याला घट्ट धरायला तीन-चार महिने लागतात. वरची दाढ त्यानंतरच. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी पहिल्या रोग्याच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तेव्हापासून हत्यारे सुधारली, पण हाड आपल्याच चालीने चालते. ताईची रजा चार आठवड्यांची. तिने तिथल्या तिथे हिशेब मांडला. दोन वेळचे विमानभाडे धरूनही सातआठशे पौंड वाचत होते.

"किती स्वस्त रे!" ती म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. त्याच डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी मला रूट कनाल आणि कॅप मिळून नऊ हजार सांगितले होते. पेन्शनीत ते बसेनात, तेव्हापासून मी डावीकडूनच चावत होतो. मी काही बोललो नाही.

पण नरकचतुर्दशीला फराळाचे ताट पुढे आले आणि चकलीने घात केला. भाजणी नेमकी कडक झाली होती. मी ती हळूच चहात बुडवली. ताईने पाहिले. तिने विचारले ते मला, उत्तर दिले बायकोने. ताई उठून पर्स घेऊन आली. मला राग आला. "तुझ्या पौंडांनी माझे दात नकोत," असे मी बोलून गेलो. सणाच्या दिवशी असे बोलायला नको होते. दुपारपर्यंत घरात कोणी धड बोलले नाही.

कामाच्या मावशी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "कशाला भांडताय? मी तर काढूनच टाकली. पाचशे रुपयांत दुखणं गेलं." आणि त्या हसल्या. उजवीकडची मोकळी जागा दिसली.

"वाचली नसती का?" ताईने विचारले.

"वाचली असती म्हणाले. पण चार खेपा, म्हणजे चार खाडे. तीन घरची कामं माझी."

कामोठ्याला, खारघरला दंतमहाविद्यालये आहेत. तिथे शिकणारी मुले प्राध्यापकांच्या देखरेखीखाली थोडक्या पैशांत काम करतात, हे मावशींना ठाऊक होते. ताई लेस्टरहून दोनदा येणार होती. मावशींना कामोठे लांब पडत होते. आणि त्यांच्या चार खाड्यांपैकी निदान एकाचे पैसे आम्ही कापलेच असते. पूर्वी कापलेही होते.

भाऊबीजेला मी ताईच्या ताटात पाकीट घातले. पाकीट ठेवून घेत ती म्हणाली, "आता माझं ऐक. ते नऊ हजार मी उसने देते. महिन्याला पाचशे फेड." उसने म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना.

मार्चमध्ये ती परत आली, तेव्हा माझ्या कॅपचे दोन हजार फिटले होते. या खेपेला तिने सगळ्या आळीला दाढ दाखवली. मावशींची दुसरी एक दाढ ठणकत होती. त्यांना घेऊन ताई स्वतः रिक्षाने कामोठ्याला गेली. दोन खेपा तिच्या मुक्कामात झाल्या, उरलेल्या दोन बायकोने केल्या. खाडे धरले नाहीत. तीन घरांपैकी एका घरचे, म्हणजे आमचे.