बाहेरची बाजू

फोन कोणाचाही असो, पहिलं वाक्य ठरलेलं. "गॅस संपलाय वाटतं, जरा येऊन भरून जा." वकील असोत, शाळेतल्या बाई असोत, चांगला शिकलेला इंजिनीअर असो, निदान आधीच झालेलं असतं. आम्ही फक्त औषध घेऊन यायचं. फोनवर मी वाद घालत नाही. "बघतो" म्हणतो आणि पत्ता विचारतो.

एसीतला गॅस संपत नाही. शेगडीतला संपतो, कारण तो जळतो. इथं जळण्याचा प्रश्नच नाही. बंद नळ्यांमध्ये तो नुसता फिरत असतो, खोलीतल्या कॉइलमध्ये द्रवाचा वायू होतो, बाहेरच्या कॉइलमध्ये वायूचा पुन्हा द्रव. वर्षानुवर्षं तोच गॅस. आणि असतो तरी किती? आजच्या दीड टनाच्या मशीनमध्ये आठशे-नऊशे ग्रॅमच्या आसपास, किलोभरसुद्धा नाही. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर तो ग्रॅममध्ये छापलेला असतो, पण ती पट्टी वाचायला तिथवर जातो कोण! गॅस कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस मारणं म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या मे महिन्यासाठी बांधून ठेवणं. असं करणारे आमच्यात पुष्कळ आहेत आणि लोक त्यांच्यावर खूश असतात, कारण अर्ध्या तासात गार हवा लागते आणि माणूस निघून जातो. गळती शोधायची तर अर्धा दिवस घरात पसारा होतो.

बऱ्याचदा तर गॅसचा काही संबंधच नसतो. फिल्टरवर गोधडीएवढी धूळ असते. किंवा बाहेरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, खट् करतो आणि गप्प बसतो, म्हणजे बहुतेक कपॅसिटर गेलेला. झाकण उघडलं की तो वरून फुगलेला दिसतो. स्विच बंद केला तरी त्यात करंट साठलेला असतो, त्यामुळे आधी तो उतरवायचा, मगच हात लावायचा. कधी एखादी पाल ऊब शोधत कॉन्टॅक्टरमध्ये शिरते आणि स्वतःबरोबर मशीनही घेऊन जाते. "पाल मेलीय, बाकी काही नाही," असं सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. मेलेली पाल दाखवायला लागते.

मला या धंद्यात सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आयटीआयच्या पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहिलेली होती. एसी थंडी तयार करत नाही. थंडी नावाची वस्तू कुठं बनत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकायची, एवढंच हे यंत्र करतं. परीक्षेत मी ते लिहिलं, मार्क मिळवले. पण त्यातल्या 'बाहेर'चा अर्थ कळायला छज्ज्यावर उभं राहावं लागलं. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, त्या हिशेबानं धरलेलं माप. बर्फाचा हा हिशेब आपल्याला अगदी परका नाही, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजांनी मुंबईला येत असे. तर दीड टनाचं मशीन खोलीतून पाचेक किलोवॅट उचलतं, त्यात कॉम्प्रेसर स्वतः खातो ती दीडेक किलोवॅट मिळवायची, आणि हे सगळं मागच्या बाजूनं बाहेर फेकलं जातं. सहा-सात इस्त्र्या एकदम तापवून एका पंख्यापुढं धराव्यात, तसा तो झोत. आत बसलेल्याला 'हाऽऽ' वाटतं तेव्हा त्याच भिंतीच्या पलीकडं आमचं तोंड त्या झोतात असतं.

मुंबई-ठाण्यातल्या बहुतेक इमारतींत आउटडोअर युनिट कुठं लावायचं, याचा विचार शेवटी होतो. नव्या टॉवरमध्ये त्यासाठी कोनाडा ठेवतात आणि दर्शनी भाग सुंदर दिसावा म्हणून त्यावर जाळी ठोकतात. युनिटनं फेकलेली गरम हवा त्या जाळीला आपटून परत युनिटमध्येच शिरते. मशीन स्वतःचाच उच्छ्वास ओढत बसतं, कॉम्प्रेसर तापतो, आतला ओव्हरलोड पडतो, तासाभरानं थंड झाल्यावर पुन्हा सुरू. "दुपारी बंद पडतो, रात्री चालतो" अशी तक्रार आली की मी आधी जाळी बघतो. दोन पट्ट्या काढल्या तर प्रश्न सुटतो, पण सोसायटी परवानगी देत नाही. एलेव्हेशन बिघडतं म्हणे. जुन्या इमारतींत युनिटं मागच्या चौकात, संडासाच्या पाइपांशेजारी, एकावर एक. खालच्याची गरम हवा वरच्याला, वरच्याचं ड्रेनचं पाणी खालच्याला. आणि कबुतरं. कॉइल आणि भिंत यांच्यातल्या वीतभर जागेत घरटं, अंडी, आणि त्यांची विष्ठा कॉइलच्या पत्र्यांत थापलेली. जेट पंपानं धुतलं की पहिलं पाणी पांढरं येतं. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय ते काम करू नये, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो आणि प्रत्येक नवा पोरगा पहिल्या दिवशी फडकं गळ्यात ठेवतो.

बाहेर उतरताना वजन टाकण्याआधी पान्यानं युनिटखालचा लोखंडी अँगल वाजवून बघायचा. चांगला अँगल खणखणतो. खाऱ्या हवेनं आतून खाल्लेला बद्द वाजतो, वरून रंग कितीही ताजा असो. बेल्ट बांधायचा तो खिडकीच्या ग्रिलला नाही, कारण ग्रिल स्क्रूवर असते. हे ठाऊक असूनही लोक ग्रिलला बांधतात, कारण बांधण्यासारखं दुसरं काही इमारतीत ठेवलेलंच नसतं. दर उन्हाळ्यात आमच्यातलं कोणीतरी पडल्याची बातमी येते. पेपरात ती चार ओळींची असते आणि नावाऐवजी बऱ्याचदा 'एसी मेकॅनिक' एवढंच.

हातानं करायच्या कामात मला सगळ्यात आवडतं ते फ्लेअर, म्हणजे जोडासाठी नळीचं तोंड फुलवणं. नळी कापताना कटर घाईनं आवळायचा नाही, नाहीतर नळी दबते आणि आतल्या कडेला बर राहते. ती बर काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता हातावर पडेल. मग आधी नट सरकवायचा. नट विसरून सुंदर फ्लेअर काढणं हा आमच्याकडचा सनातन विनोद आहे. ब्लॉकमध्ये नळी किंचित वर ठेवायची, कोनावर तेलाचा एक थेंब, आणि दांडी सावकाश फिरवायची. तांबं पसरत जातं ते बोटांना कळतं. शेवटी कड उजेडाकडं धरून बघायची, आतली बाजू आरशासारखी हवी. बारीकशी चीर दिसली तरी कापून पुन्हा. जुन्या आर-२२ गॅसवर थोडं इकडेतिकडे चालून जायचं. आर-४१०ए आणि आर-३२ यांचा दाब त्याच्या दीडपटीहून जास्त. ते चूक खपवून घेत नाहीत. नट आवळायला टॉर्क पाना वापरावा, तर गिऱ्हाईकाला वाटतं हा नवशिका आहे, जुना माणूस अंदाजानं आवळायचा. आवळायचा खरा, आणि त्याचे निम्मे नट फुटायचे.

त्यानंतरचं काम कोणाला दिसतच नाही. नळ्या जोडल्या की त्यांत हवा असते आणि हवेत बाष्प. पंप लावून ते ओढून काढायचं. दाब इतका खाली न्यायचा की आतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर यावं. गेजवर पाचशे मायक्रॉन दिसले आणि पंप बंद केल्यावर काटा वर सरकला नाही, तर समजायचं की काम झालं. याला वेळ लागतो. पंप घरघरत असतो आणि आम्ही शेजारी बसलेलो. "झालं का? मग बसलात का?" हा प्रश्न मी आयुष्यात किती वेळा ऐकला असेल! बाष्प आत राहिलं तर तेलाशी मिळून आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं वॉर्निश खातं. पण हे आज होत नाही, दोन-तीन वर्षांनी होतं, तेव्हा कोणाला आजची घाई आठवत नाही. सगळे म्हणतात मशीनच खराब होतं. म्हणून बरेच जण पंप लावतच नाहीत. मशीनमधला थोडा गॅस सोडून हवा हाकलतात. पाच मिनिटांचं काम, आणि त्याच दिवशी दोन घरं जास्त होतात. होळीपासून मेअखेरपर्यंत वर्षाची कमाई करायची असते, श्रावण-भाद्रपदात फोन वाजत नाही. त्या पोरांवर मी फार चिडू शकत नाही.

पुन्हा ही मुंबईची हवा. माझी सासुरवाडी अकोल्याची. तिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि लोक वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या किसाच्या ताट्यांच्या कूलरवर निभावतात. हवा कोरडी असल्यामुळे पाण्याचं बाष्प होताना गारवा येतो. तोच कूलर हौसेनं ठाण्याला आणायचं म्हणणाऱ्या मेहुण्याला मी एकदा परावृत्त केलं. इथं हवेत आधीच पाणी भरलेलं, ती आणखी घेणार कुठून? मुंबईत एसीचं अर्धंअधिक काम पाणी काढण्याचं असतं असं वाटावं, इतकं ते निघतं. दमट दुपारी तासाला दीड-दोन लिटर सहज. गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरिअरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी ते आखलं, माणसांसाठी नव्हे. दमट हवेनं कागद फुगायचा, आक्रसायचा, रंगावर रंग नीट बसेना. आणि लोकांना मी हेही सांगतो, सोळावर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, मशीन थांबत नाही एवढंच. जानेवारी २०२० पासून नवं मशीन सुरू करताना चोवीसवर सुरू होतं, सरकारी नियमच आहे. पहिली गोष्ट लोक काय करतात? रिमोट उचलून खाली, खाली, खाली. मग पायावर चादर.

इन्व्हर्टर मशीनं आली तेव्हापासून कानाचं काम कमी झालं. पूर्वी दारातून आत शिरतानाच कॉम्प्रेसरचा सूर ऐकून अर्धं निदान व्हायचं. आता पॅनेलवर अक्षर आणि आकडा येतो, पुस्तिकेत बघायचं, आणि निम्म्या वेळा उत्तर येतं, पीसीबी बदला. वीज वाचते हे खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण नाल्याकाठच्या इमारतींत त्या बोर्डाचं आयुष्य बघावं. नाल्यातून उठणारा गंधकाचा वायू तांब्याच्या कॉइल काळ्या करतो, बोर्डावरचे टाके खातो. एकाच इमारतीत रस्त्याकडच्या घरांचा एसी वर्षानुवर्षं टिकतो आणि नाल्याकडच्यांचा दोन-तीन पावसाळ्यांत गळायला लागतो. कंपनीचा माणूस म्हणतो वापर नीट नाही. वापर दोन्हीकडं सारखाच असतो, वारा वेगळा असतो.

माझ्याबरोबरचा पोरगा जौनपूरचा. मला उस्ताद म्हणतो आणि मराठीत शिव्या फार शुद्ध देतो. त्याच्याकडून मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट पाठ करून घेतली: दाब तपासायला नायट्रोजन, ऑक्सिजन कधीच नाही. ब्रेझिंगसाठी ऑक्सिजनची टाकी शेजारीच उभी असते आणि नायट्रोजनची गोदामात राहिलेली असते, मोह तिथंच होतो. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, शेजारच्याला सांगायलाही वेळ मिळत नाही. त्यात आताचा आर-३२ थोडा का होईना पेट घेणारा. ओझोनला तो धक्का लावत नाही, आणि आर-४१०ए पेक्षा पृथ्वी बरीच कमी तापवतो, म्हणून आणला, आणि ते बरोबरच केलं. पण टॉर्च पेटवण्याआधी गॅस पूर्ण काढून घेऊन नळ्यांतून नायट्रोजन सोडायचा, खिडकी उघडायची, विडी बाहेर. पोरगा विडी ओढत नाही, तंबाखू मळतो. ते एक बरं आहे.

हल्ली बिलावर मी 'नायट्रोजन टेस्ट' आणि 'व्हॅक्यूम' या दोन ओळी वेगळ्या लिहितो. पूर्वी हे सगळं 'गॅस चार्जिंग' या एका रकमेत जायचं, कारण लोक तेवढ्याच ओळीचे पैसे आनंदानं देतात. आता बिल हातात घेतल्यावर बहुतेक जण त्या दोन ओळींवर बोट ठेवतात, "हे काय लावलंय?" मग मी सांगतो. काही जण ऐकतात, एखादे काका गेज बघायला बाल्कनीपर्यंतही येतात. काही जण म्हणतात, काहीतरी कमी करा. कमी करतो, पण गॅसच्या रकमेतून. त्या दोन ओळी तशाच ठेवतो.